साऱ्या शाळेचे एक पुस्तक

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात नातवाच्या विद्यालयातील पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला त्याच्या आईऐवजी मी गेले होते. बैठकीच्या शेवटी प्रत्येक पालकाच्या हातात एक झेरॉक्स कागद पडला. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांनी वाचावयाच्या बेचाळीस पुस्तकांची ती यादी होती, आणि त्यांपैकी कोणतीही पाच वाचून प्रत्येकाचा सारांश वहीत लिहून आणावा, अशी तळटीप होती. घरी परतण्यापूर्वी मी सहज विद्यालयाच्या वाचनालयात डोकावले. बेचाळीसपैकी नऊ पुस्तके कपाटात होती, त्यांतली दोन एका कार्यक्रमात पाहुण्यांना भेट देण्यासाठी आणलेली असून त्यांचे प्लास्टिकचे वेष्टनही अद्याप निघालेले नव्हते. यादी करणाऱ्या शिक्षिकेच्या हेतूविषयी मला शंका नाही. मी स्वतः डिचोली तालुक्यात एकतीस वर्षे मराठी शिकवले आणि त्यांतली बरीच वर्षे वाचनालयाचा अतिरिक्त भारही सांभाळला, तेव्हा अशा याद्या मीही केल्या आहेत. त्या यादीने किती मुलांच्या हाती पुस्तक गेले, हे मात्र मी कधी मोजले नव्हते.

यादीऐवजी एकच पुस्तक निवडावे, ते पाचवीपासून दहावीपर्यंतच्या प्रत्येक मुलाच्या घरी सुट्टीपूर्वी पोहोचवावे, शिक्षकांनी, कार्यालयातील कारकुनांनी आणि बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, चालकांनीही तेच वाचावे, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिला आठवडा त्याविषयी बोलण्यात जावा, अशी सूचना या पत्राद्वारे गोव्यातील विद्यालयांच्या व्यवस्थापनांपुढे आणि शिक्षण खात्यापुढे ठेवण्याची माझी इच्छा आहे. ही कल्पना माझी नव्हे. अमेरिकेतील सिएटल शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंनी १९९८ साली साऱ्या शहराने एकच पुस्तक वाचावे असा उपक्रम सुरू केला. पुढे तो अन्य शहरांनी उचलला आणि तेथील अनेक शाळा व महाविद्यालयांत उन्हाळ्याच्या सुट्टीतील सामाईक वाचन म्हणून रुजला. पण आपल्याला हे सिएटलकडूनच शिकावे लागते असेही नाही. आमच्या गावच्या देवळात चातुर्मासात पोथी लागत असे. एकजण वाचत असे, दुसरा अर्थ सांगत असे, आणि ऐकणाऱ्यांत आठ वर्षांच्या पोरापासून ऐंशी वर्षांच्या म्हातारीपर्यंत, साक्षर आणि निरक्षर, सारेच असत. दुसऱ्या दिवशी विहिरीवर आणि कुळागरात कालच्या अध्यायाचाच विषय निघे. सारांश लिहून आणा, असे कोणी कोणाला सांगितल्याचे मला आठवत नाही.

निवृत्तीपूर्वीच्या तीन उन्हाळ्यांत आम्ही हा प्रयोग करून पाहिला. त्यातील चुका आधी सांगते, कारण त्या नव्याने करण्याची कोणालाच आवश्यकता नाही.

पहिल्या वर्षी आम्ही ‘तोत्तोचान’ निवडले. तेत्सुको कुरोयानागी यांच्या मूळ जपानी पुस्तकाचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला आहे, इंग्रजी आणि हिंदी अनुवादही उपलब्ध आहेत, प्रकरणे दोन-तीन पानांची आहेत, आणि विषय तर शाळेचाच आहे. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली एक खट्याळ मुलगी रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत दाखल होते, तेथील तिचे दिवस. पुस्तक उत्तम होते. मती आमची फिरली. मुलांनी खरोखर वाचले की नाही हे कळावे म्हणून आम्ही दोन पानी सारांश सक्तीचा केला. जूनमध्ये वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा एकोणीस वह्यांत तोत्तोचानला सातवीत असताना शाळेतून काढून टाकले होते. सातवीतल्या कोणा एकाने पहिल्यांदा लिहिले, त्याने आपली इयत्ता तिला बहाल केली, आणि ती चूक वाड्यावाड्यांतून फिरत एकोणीस घरी पोहोचली. तपासणीसाठी म्हणून आम्ही जे मागितले, त्याने तपासणी काही झाली नाहीच, उलट ज्या मुलांनी मनापासून वाचले होते त्यांनाही आपण गृहपाठच केला असे वाटले. एका पाचवीतल्या मुलीने मला विचारले, “बाई, सारांश लिहून झाला की मग पुस्तक विसरायचे ना?” मी तिला काय उत्तर दिले ते आठवत नाही, आणि आठवत नाही हेच बरे.

दुसऱ्या वर्षापासून लिहिणे पूर्ण बंद केले. मुलांना एवढेच सांगितले की, वाचताना जेथे थांबावेसे वाटले, हसू आले, राग आला किंवा काही समजले नाही, अशा एका जागेचा पृष्ठ क्रमांक ध्यानात ठेवून या. जूनच्या पहिल्या आठवड्यात रोज एक तासिका काढून ठेवली आणि इयत्ता मोडून बारा-बारा मुलांचे गट केले. प्रत्येक गटात पाचवीतली दोन मुले आणि दहावीतली दोन असणारच, आणि सोबत एक मोठे माणूस. हे मोठे माणूस शिक्षकच हवे असे नाही. आमच्याकडे सर्वांत रंगलेला गट ज्याच्याभोवती जमे, तो बालरथ चालवणारा होता, कारण त्याने पुस्तक दोनदा वाचले होते आणि मुलांना उत्तर माहीत असते तेव्हा गप्प बसणे त्याला जमत असे. आम्हा शिक्षकांना ते जमत नाही.

त्या तासिकांत काय घडते याचा एक नमुना देते. पहिल्या वर्षाच्या प्रती वापरून तिसऱ्या वर्षी आम्ही ‘तोत्तोचान’च पुन्हा वाचायला दिले, कारण तोपर्यंत शाळेत बरीच मुले नवी होती. त्या पुस्तकातील मुख्याध्यापकांचा असा नियम आहे की, डब्यात समुद्रातले काहीतरी आणि डोंगरावरचे काहीतरी असलेच पाहिजे. गोव्याच्या मुलांना हे वाक्य मिळाले म्हणजे काय होणार, ते सांगायला नको. सुकटीची किसमूर समुद्राची आणि फणसाची भाजी डोंगराची, इथपर्यंत एकमत झाले. मग एका मुलाने विचारले की खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, कुठल्या धरायच्या, आणि तो तास तेथेच संपला. भरतीला पाणी खारट होते म्हणून त्या समुद्राच्या, असे एका पक्षाचे म्हणणे होते. नदी डोंगरातून येते म्हणून डोंगराच्या, असे दुसऱ्याचे. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या शिक्षिकेला बोलावून खाडीचे पाणी भरती-ओहोटीप्रमाणे कसे पालटते ते समजून घ्यावे लागले. बेचाळीस पुस्तकांतून पाच-पाच निवडून वाचणाऱ्या मुलांत असा वाद होऊ शकत नाही. एकाने जे वाचले ते दुसऱ्याने वाचलेले नसते, आणि बोलायला समाईक जमीनच नसली की उरतो तो फक्त सारांश.

त्याच वर्षी एका आठवीतल्या मुलाने परत केलेली प्रत मी जपून ठेवली आहे. ती त्याने मे महिन्यात फणस फोडण्याच्या जागी बसून वाचली असावी, कारण पृष्ठ ६२ आणि ६३ फणसाच्या चिकाने एकमेकांना अशी चिकटली होती की खोबरेल लावूनही ती सुटली नाहीत. प्रत खराब केल्याबद्दल बोलणी बसतील म्हणून तो घाबरला होता. गटात त्याची पाळी आली, तेव्हा त्याने सांगितले की ती दोन पाने आपल्याला वाचता आली नाहीत, पण पुढचे वाचून मध्ये काय घडले असेल ते आपण ठरवले, आणि ते त्याने सांगितले. ज्यांनी ती पाने वाचली होती त्यांनी खरे काय आहे ते त्याला सांगितले. त्यावर सहावीतली एक मुलगी म्हणाली की याचेच जास्त चांगले आहे. एखादा मजकूर वाचून त्यातील रिकामी जागा स्वतः भरणे हे मराठीच्या परीक्षेत आम्ही दहा गुणांना विचारतो, पण त्यासाठी फणसाइतका नामी उपाय मला नोकरीत सापडला नव्हता.

घरांविषयीही लिहिले पाहिजे. आपल्याकडे मे महिना हा पुरुमेताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, महिना. मिरच्या वाळवायच्या, चिंच फोडायची, सोलां सुकवायची, साठां घालायची, सुकी मासळी भरून ठेवायची. घरातली मोठी माणसे अंगणात नाहीतर पडवीत बसून हातांनी काम करत असतात आणि कान मोकळे असतात. आठवीतल्या एका मुलीने सांगितले की तिची आजी मिरच्यांची देठे काढत असताना ती मराठीतून वाचून कोंकणीतून सांगत असे, आणि प्रकरण संपले की कधीही शाळेत न गेलेली आजी विचारी, “मागीर कितें जालें?” एका पुस्तकाची एक प्रत अशा रीतीने तीन पिढ्यांत वाचली गेली. आम्ही हे ठरवले नव्हते. पुढच्या वर्षी मात्र ठरवून मुलांना सांगितले की घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवा, आणि कोणत्या भाषेत सांगता ते तुमचे तुम्ही पाहा.

भाषेचा प्रश्न गोव्यात नाजूक आहे आणि मी त्याच्या राजकारणात शिरत नाही. एक वस्तुस्थिती मात्र प्रत्येक मराठी शिक्षकाला माहीत आहे. चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले मूल पाचवीला बहुधा इंग्रजी माध्यमात जाते, मराठी हा एक विषय होऊन बसतो, आणि गोष्टीची मराठी पुस्तके वाचण्याचे त्याचे वय नेमके त्याच वेळी सुरू झालेले असते. पाचवी ते आठवी या चार वर्षांत मराठी वाचन सुटले की नंतर ते धरून आणणे फार कठीण. म्हणून सामाईक पुस्तक असे निवडावे की जे मराठीत चांगले असेल आणि इंग्रजीतही मिळत असेल, प्रती मराठीच जास्त घ्याव्यात, पण इंग्रजीतून वाचणाऱ्या मुलाला गटात कमी लेखू नये. गटात बसल्यावर दोन्ही भाषांतील वाक्ये शेजारी येतात आणि अनुवादात काय निसटले यावरही मुले बोलतात. आमच्या दहावीच्या एका मुलीने दोन्ही प्रती मांडीवर घेऊन अशी चार ठिकाणे दाखवली होती.

आता वेळापत्रक. २०२५ साली आपल्या राज्यात सहावी ते दहावी आणि बारावीचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू झाले. त्यावर पालकांनी उन्हाचे आणि सुट्टीचे कारण देऊन बराच विरोध केला, प्रकरण न्यायालयातही गेले. त्या वादात मी कोणाच्या बाजूची आहे हे या पत्रात महत्त्वाचे नाही. पण या बदलाचा एक उपयोग कोणी बोलून दाखवलेला मी ऐकला नाही. पूर्वी सुट्टी दोन वर्षांच्या मध्ये पडत असे. जुने वर्गशिक्षक मोकळे झालेले, नवे अजून ठरायचे, त्यामुळे सुट्टीतल्या वाचनाला कोणी धनीच नसे, आणि एप्रिलमध्ये दिलेले काम जूनमध्ये मागणारे माणूस वेगळे असे. वर्ष एप्रिलमध्ये सुरू झाले की सुट्टी वर्षाच्या आत येते. जे शिक्षक एप्रिलमध्ये पुस्तक वाटतात, तेच जूनमध्ये त्या मुलांसमोर उभे राहतात. पहिली दोन प्रकरणे एप्रिलमध्ये वर्गात मोठ्याने वाचून दाखवावीत आणि नेमके रंगात आल्यावर थांबावे, म्हणजे बाकीचे पुस्तक आपोआप घरी जाते. शिवाय उरलेली सुट्टी जेमतेम महिन्याभराची, त्यात लग्ने, जत्रा आणि मामाचे घर. महिन्याभरात पाच पुस्तके वाचा म्हणणे म्हणजे न वाचण्याची सबब आधीच हातात देणे होय. एक पुस्तक मात्र कोणालाही जमते.

या सूचनेवरचा सर्वांत बळकट आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी टाळत नाही. मुलांना आवडीचे वाचू द्यावे, सर्वांच्या गळ्यात एकच पुस्तक का बांधावे, असा तो आक्षेप आहे. त्याच्या बाजूने अभ्यासही आहेत. बार्बरा हेन्स यांनी अमेरिकेतील अटलांटा शहरात केलेल्या पाहणीत, जी १९७८ साली प्रसिद्ध झाली, सुट्टीत वाचणारी मुले आणि न वाचणारी मुले यांच्यातील अंतर उन्हाळ्यात वाढते असे दिसले. पुढे रिचर्ड अॅलिंग्टन आणि अॅन मॅकगिल-फ्रान्झन यांनी फ्लोरिडा राज्यातील गरीब वस्त्यांमधल्या प्राथमिक शाळांतील मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी बारा पुस्तके दिली आणि त्यांच्या वाचनक्षमतेत सुधारणा आढळल्याचे २०१० साली मांडले. ती बारा पुस्तके मुलांनी स्वतः निवडलेली होती. म्हणजे तो पुरावा वरवर पाहता माझ्या विरुद्ध जातो.

तरीही माझे मत बदललेले नाही, आणि त्याचे कारण निवडीपूर्वीच्या पायरीत आहे. त्या मुलांपुढे निवडण्यासाठी शेकडो पुस्तके मांडली गेली होती आणि निवडलेली पुस्तके त्यांच्या हातात, कायमची, दिली गेली होती. आपण मुलाला यादी देतो. यादीतून निवड करायची तर पुस्तक शोधायला पणजी, म्हापसा किंवा मडगाव गाठावे लागते, पैसे द्यावे लागतात, आणि ज्याच्या घरी पाठ्यपुस्तकांखेरीज एकही पुस्तक नाही त्याला नावावरून काय कळणार? ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याला निवडीचे स्वातंत्र्य आधीच आहे, आणि सामाईक पुस्तकाने ते हिरावले जात नाही, तो सुट्टीत आणखी दहा वाचू शकतो. ज्याच्या घरी काहीच नाही त्याच्या हाती निदान एक पुस्तक पडते, आणि तेही असे की शेजारच्या घरातही तेच आहे. आवडले नाही तर? आमच्या नववीतल्या एका मुलाने सर्वांसमोर सांगितले की दुसऱ्या वर्षीचे पुस्तक अत्यंत कंटाळवाणे होते आणि ते कोणी निवडले हे त्याला जाणून घ्यायचे आहे. निवड समितीतली मीच समोर होते. त्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचले होते, कोठे कंटाळा आला ती पाने त्याने दाखवली, आणि त्या पंचेचाळीस मिनिटांत कथानक कोठे रेंगाळते याविषयी जे बोलणे झाले, ते मी पाठ्यपुस्तकावर कधी करून घेऊ शकले नाही.

निवड कोणी करावी याबद्दल थोडे कडक राहावे लागेल. आमच्या समितीत तीन शिक्षक, दोन पालक आणि चार विद्यार्थी होते, आणि नियम एकच होता, की ज्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले नाही त्याला मत नाही. पहिल्याच बैठकीत पाचपैकी तीन मोठी माणसे या नियमाने बाद झाली. मुले चौघेही टिकली. दुसरे म्हणजे, कोणी फुकट संच देऊ करतो म्हणून ते पुस्तक घेऊ नये. प्रकाशनसमारंभातून उरलेले गठ्ठे शाळांच्या दारी आणून सोडण्याची रीत आपल्याकडे चांगलीच रुळलेली आहे, आणि वाचनालयांची कपाटे त्यांनीच भरलेली आहेत. तिसरे, पाठ्यक्रमातला उतारा ज्या पुस्तकातला आहे ते घेऊ नये, त्यावर प्रश्नोत्तरांची सावली आधीच पडलेली असते. पाचवीच्या आणि दहावीच्या मुलाला एकच पुस्तक कसे चालेल, असे विचारले जाते. छोट्या प्रकरणांचे, साध्या भाषेचे आणि मोठ्यालाही विचार करायला लावणारे पुस्तक शोधले की चालते. पाचवीतल्या ज्या मुलांना वाचन जड जाते त्यांना ऐकण्याची मुभा असावी. पहिली ते चौथीसाठी मात्र हा मार्ग नव्हे, त्यांना निराळे काही करावे लागेल.

पैशांचा हिशेब आम्ही मांडून पाहिला होता. तीनशे ऐंशी मुलांचे विद्यालय म्हणजे भावंडे धरता साधारण दोनशे सत्तर घरे. घरटी एक प्रत आणि कर्मचाऱ्यांसाठी तीस, अशा तीनशे प्रती लागतात. प्रत शंभर रुपयांची धरली तर तीस हजार. ही रक्कम ऐकून व्यवस्थापन नकारार्थी मान हलवते, तेव्हा पुढचे ऐकावे. जवळपासच्या पाच विद्यालयांनी पाच वेगवेगळी पुस्तके प्रत्येकी एकदाच घ्यायची आणि दर उन्हाळ्यात संच एकमेकांकडे फिरवायचे. पाच उन्हाळे निघतात, आणि तीस हजार रुपयांत तीनशे प्रतींना पाच वर्षे म्हणजे प्रतीमागे वर्षाला वीस रुपये पडतात. दरवर्षी काही प्रती हरवतील, काहींना फणसाचा चीक लागेल, त्याची भर वेगळी धरावी. आम्ही पहिल्या वर्षी एकशे दहाच प्रती जमवू शकलो होतो, तेव्हा वाड्यावार जोड्या लावून पंधरा-पंधरा दिवस वाटून घेतले, आणि तेही निभावले.

सरकारने काय करावे, हेही स्पष्ट लिहिते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला वाचनालय असावे आणि त्यात गोष्टीची पुस्तके असावीत असे म्हटलेले आहे. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना इयत्तांनुसार वर्षाला पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदान मिळण्याची तरतूद आहे. पण गोव्यातील बहुसंख्य माध्यमिक विद्यालये अनुदानित खासगी संस्थांची आहेत, आणि त्या योजनेचा हा पैसा त्यांच्यापर्यंत येत नाही. बालरथ जसा या विद्यालयांना सरकारने दिला, तसा पाच विद्यालयांमागे पाच संचांचा एक फिरता साठा खात्याने एकदा द्यावा. याशिवाय आपल्याकडे पणजीत पाटो येथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेले हे देशातील सर्वांत जुने सार्वजनिक ग्रंथालय म्हणून आपण अभिमानाने सांगतो. १९९३ पासून राज्याला सार्वजनिक ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदाही आहे. मध्यवर्ती आणि तालुका ग्रंथालयांनी मे महिन्यात निवडलेल्या पुस्तकांच्या वीस-वीस प्रती दर्शनी टेबलावर ठेवल्या, तर जे मूल सुट्टीत आजोळी साखळीला किंवा वाळपईला गेले आहे आणि ज्याची प्रत पेडण्याच्या घरी राहिली आहे, त्याचेही वाचन तुटणार नाही.

एका गोष्टीची मात्र मला धास्ती आहे. खात्याने हे मनावर घेतले, तर त्याचे परिपत्रक निघेल, परिपत्रकासोबत तक्ता येईल, तक्त्यात किती मुलांनी किती पाने वाचली ते भरावे लागेल, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बोलण्याऐवजी शिक्षक तो तक्ता भरत बसतील. छायाचित्रेही मागवली जातील. म्हणून खात्याने पुस्तके द्यावीत, तासिकांना मोकळीक द्यावी आणि अहवाल मागू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. किती मुलांनी वाचले हे ज्याला पाहायचेच असेल त्याने जूनमध्ये शाळा उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून एक फेरी मारावी.

ज्या विद्यालयांना हे यंदाच करायचे आहे त्यांनी निवड समितीची बैठक मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकावी. तीनशे प्रतींची मागणी एप्रिलमध्ये नोंदवली की पुरवठादार जूनची तारीख सांगतो, आणि पुस्तकांचे खोके पहिल्या पावसात विद्यालयाच्या पायरीवर येऊन पडतात. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या खोक्यांपैकी दोन असेच भिजले होते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
डिचोली, गोवा